नाव पडण्याचे कारण

टाकळखोरीच्या शाळेत रुजू व्हायला गेले, त्या पहिल्याच दिवशी मी एका मेलेल्या बाईकडे वाट मागितली.

जामखेड रस्त्यानं नगरपासून पंचवीस किलोमीटर गेलं की डाव्या हाताला फाटा लागतो. तिथून आत चार किलोमीटरवर दोन टेकड्यांच्या मधून गावात उतरणारी खिंड आहे. मी स्कूटीवर होते. खिंडीच्या तोंडाशी सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी हात आडवा करून उभी राहिली.

"नव्या बाई ना तुमी? उतरा. खडा टाका आन् मंग जा."

रस्त्याच्या कडेला दगडांचा ढीग होता. माझ्या छातीपर्यंत उंच आणि बैलगाडीएवढा लांब. वरचे दगड नवे, खालचे काळे पडलेले. म्हातारीनं एक खडा उचलून माझ्या हातात दिला. "म्हना, कलाबाई, वाट दे."

मी सिल्व्हिया. चर्चच्या महिला मंडळाची सेक्रेटरी, आणि वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या पोरांना विज्ञान शिकवलेली बाई. असल्या प्रकारांची मला चीड आहे. मी तसं म्हणणारही होते. पण म्हातारी माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्याच्या मागे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, ओळख होती. मी खडा टाकला. "कलाबाई, वाट दे," असं खणखणीत म्हटलं, वर्गात हजेरी घेते तसं. हजेरी घेणाऱ्याला पुकारा करून उत्तरासाठी थांबायची सवय असते. मी थांबले. आता हसायचं तर हसा.

नंतर ते रोजचंच झालं. सकाळी जाताना काही वाटायचं नाही. संध्याकाळी परतताना मात्र खिंडीत कुणीतरी आहे असं वाटायचं. आपण ओट्यापाशी काम करत असावं, मागं दारात कुणी न बोलता येऊन उभं राहावं आणि वळून न बघताही ते आपल्याला कळावं, तसं. मी मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना म्हणायची आणि वर खडाही टाकायची. दोन्हीकडे पत राखून असलेलं बरं.

ही शाळा मी मागून घेतली नव्हती, माझ्या सासूबाईंनी घ्यायला लावली होती. बदल्यांचे अर्ज ऑनलाइन भरतात. पसंतीच्या तीस शाळा टाकायच्या असतात. सासूबाई, म्हणजे मरियाबाई, वय त्र्याहत्तर, चष्मा लावून माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "पहिल्या नंबरला टाकळखोरी टाक."

"का हो आई?"

"हवा चांगली आहे तिथली."

मिशन कंपाउंडाबाहेर सहसा पाऊल न टाकणाऱ्या बाईला तिथली हवा कशी ठाऊक, हे मी विचारायला हवं होतं. पण अठरा वर्षं सून म्हणून काढली की माणूस सगळेच प्रश्न विचारत नाही. मी नंबर टाकला, शाळा मिळाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी चहाचा कप हातात देऊन सासूबाई मला खोदून खोदून विचारायच्या. आडाला पाणी आहे का? पाराशेजारच्या घरातलं कुणी शाळेत येतं का? त्या घराचं छत अजून मातीचंच आहे का? मला वाटायचं, म्हातारपणी करमत नाही, दुसरं काय. सासरे सायमन, चांगले हाताचे सुतार, जाऊन सहा वर्षं झाली होती. माझा नवरा फिलिप सुप्याच्या कंपनीत शिफ्टला. घरात बोलायला मी एकटीच. म्हणून मीही तिखटमीठ लावून सांगायची.

फक्त खिंडीचं कधी बोलले नव्हते. विज्ञान शिकवणाऱ्या सुनेनं मेलेल्या बाईला दगड वाहते म्हणून सांगायचं तरी कसं?

फेब्रुवारीत वरून कागद आला. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा शिक्के, दाखले आणि पाट्या बदलण्यात आमचे कितीतरी दिवस गेले होते. आता गावोगावच्या वाड्या, ओढे, माळ, खिंडी यांची नावं गोळा करायची होती. तक्त्यात सात रकाने. सातवा रकाना, 'नाव पडण्याचे कारण'. काम ग्रामपंचायतीचं, पण ग्रामसेवक काकासाहेब तक्ता घेऊन थेट माझ्या वर्गात आले.

"बाई, तुमचं अक्षर मोत्यासारखं."

माझं अक्षर कसं आहे ते मला ठाऊक आहे. मतदार मोजा, शौचालयं मोजा, आता नावं मोजा. पण खोटं कशाला बोलू, आठ दिवसांत मला त्या कामाची गोडी लागली. नवरदेवाचा ओढा. तिथं वऱ्हाडाची गाडी पुरात गेली आणि नवरी तेवढी वाचली. उपाशी माळ. कुठल्याशा जुन्या दुष्काळात परगावाहून निघालेली माणसं तिथं टेकली ती उठलीच नाहीत. लांडगदरा, तिथं एक तान्हं पोर. साहेबाची पायरी तेवढी बरी वाटली, कुणी गोरा साहेब घोड्यावरून आला असेल म्हटलं. चौकशी केली, तर तोही त्याच पायरीवर तापानं मेलेला. संध्याकाळी तक्ता वाचताना लक्षात आलं की मी गावाचा नकाशा काढत नव्हते, दफनभूमीची नोंद करत होते.

"अहो, इथं कुणा जिवंत माणसाचं नाव जागेला नाहीच का?" मी काकासाहेबांना विचारलं.

"जित्याचं नाव कशाला द्यायचं?" काकासाहेब म्हणाले. "नाव द्यायचं ते गेलेल्याचं. नाव दिलं की त्यो त्या जागंवर ऱ्हातो. घरात येत न्हाई."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला थंडी वाजली. पुढं म्हणाले, "कलाबाईच्या खिंडीचं मात्र हनुमंतालाच इचारा. त्याची आई ती."

हनुमंताला मी रोज बघत होते. पाराशेजारच्या घरातला, अठ्ठावन्न-साठीचा, शेळ्या राखणारा माणूस. बोलायला गरीब. त्याची नात माझ्याच वर्गात होती. शनिवारी सकाळची शाळा असते. बाराला सुटल्यावर मी खिंडीत थांबले. हनुमंत ढिगाजवळ बसला होता आणि कुणाशी तरी बोलत होता. शेळ्या लांब होत्या. माझी चाहूल लागताच तो गप्प झाला.

मी तक्ता दाखवला. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बहात्तरचा दुष्काळ. मी पाच वर्साचा हुतो," तो म्हणाला. "आई खडी फोडायला जायाची. आबा दारू पिऊन तिला मारायचा. एक दिस ती कामावरनं घरी आलीच न्हाई. दुसऱ्या दिशी हितं बोरीच्या काट्याला तिच्या लुगड्याचा तुकडा घावला. लांडग्यानं नेली म्हनले. मढं न्हाई घावलं. मंग दर्भाची बाहुली करून जाळली. धाव्याला पिंड ठेवला तर कावळा शिवंना. समदं गाव उनात बसलं. दुपार कलली. शेवटी आज्यानं हात जोडले, म्हनला, कला, तुज्या हनुमंताला उपाशी ठेवनार न्हाई. आन् तवाच कावळा शिवला. मी बघितला, बाई. ह्या डोळ्यांनी बघितला. मी तिच्यात अडकलो हुतो, म्हनून ती जात नव्हती."

"आणि हे दगड?"

"धाव्यानंतर पाच दिसांनी ती हितं दिसली. दिस मावळायला. बाया मोळ्या टाकून पळाल्या, गडी दगडं घेऊन आले. पुन्हा वर्सानं दिसली. मंग जानत्यांनी ठरवलं, हितून जानाऱ्यानं खडा टाकायचा, नाव घ्यायचं, वाट मागायची. तवापास्नं ही कलाबाईची खिंड. गावात येत न्हाई ती. हितंच असती."

"तुम्हाला दिसली कधी?"

"चारदा," हनुमंत म्हणाला. "शेवटची गेल्या पोळ्याला. हितंच, ह्या दगडावर बसली हुती. मी बोलत हुतो तर मान हालवीत हुती."

ऊन डोक्यावर होतं. तरी मी स्कूटीची किल्ली मुठीत घट्ट धरली.

"तुमी नीट लिवा, बाई," तो म्हणाला. "माझ्याजवळ तिचा फोटू न्हाई, लुगडं न्हाई, काय सुदीक न्हाई. ह्या जागंचं नाव तेवढं हाय."

घरी आले तेव्हा सासूबाई ताटात तांदूळ निवडत होत्या. फिलिप झोपला होता, रात्रपाळी करून आलेला. मी चहा घेतला आणि पहिल्यांदाच खिंडीचं सगळं सांगितलं. तक्ता उघडून वाचलंसुद्धा. लुगड्याचा तुकडा, दर्भाची बाहुली, दहावा. सासूबाईंची बोटं तांदळावर थांबली होती. कावळ्याचं आलं तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"शिवला?"

"शिवला म्हणे. आज्यानं हात जोडले तेव्हा."

सासूबाई हसल्या. मी त्यांना अठरा वर्षांत असं हसताना बघितलं नव्हतं. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते.

"बहात्तर सालचा कावळा," त्या म्हणाल्या. "भाताचा गोळा दिसल्यावर शिवनार न्हाई तर काय करंल? मानसं शिवली असती त्याला."

पन्नास वर्षं मिशन कंपाउंडात घासूनपुसून गुळगुळीत केलेली त्यांची भाषा एका वाक्यात गळून पडली. माझ्या समोर मरियाबाई नव्हत्या. कोण होतं ते मला कळलं, आणि पहिल्यांदा खरंच भीती वाटली. आपल्याच स्वयंपाकघरात, दिवसाउजेडी. महिनाभर मी गावभर नावं विचारत हिंडत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"मी मेले न्हाई, सिल्व्हिया," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. आबानं, म्हणजे हनुमंताच्या बापानं, त्या दिवशी खडीच्या हातोड्याचा दांडा पाठीत घातला होता. पोराला उचलून पळाली असती तर त्याला काय खायला घालणार? म्हणून एकटीच निघाली. काम बघायचं, पंधरा दिवसांत पोराला न्यायचं, असा हिशेब. बोरीला लुगडं अडकलं ते ओढून फाडलं आणि चालत राहिली. नगरला मिशनच्या वसतिगृहात भाकऱ्या थापायचं काम मिळालं. पंधराव्या दिवशी पोराला आणायला गेली.

"खिंडीत बाया भेटल्या. मला आनंद झाला. मी हाक मारली. तर त्या किंचाळल्या. गडी आले. माझा दीर हुता त्यात. मी म्हनलं, भावजी, मी हाय, कला. त्यानं पहिला दगड मारला. मला वाटलं, पळून गेले म्हनून मारत्यात. गावात शिरू देत न्हाईत. पुढच्या साली गेले तवा ऐकलं, 'मेलेली परत आली' म्हनून वरडत हुते. तवा कळलं की मी मेले."

मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"तिसऱ्यांदा चार वर्सांनी गेले. दगडाआड बसले. म्हनलं, लांबून बघू तरी. सासरा आला, संगं हनुमंत. नऊ वर्साचा झाला हुता. सासऱ्यानं त्याला शिकवलं, खडा उचल, आईचं नाव घे. माझ्यानं ऱ्हावलं न्हाई, मी उठून हुबी ऱ्हायले. म्हातारा बोंबलत पळाला. पोरगं पळालं न्हाई, सिल्व्हिया. हुबं ऱ्हायलं. माझ्याकडं बघितलं, म्हनलं, कलाबाई, वाट दे. आन् खडा मारला."

डाव्या भुवईवरची खूण मी अठरा वर्षं बघत होते. हापशावर पडल्याची, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"पोरानं वाट मागितली," त्या म्हणाल्या. "मी दिली. पुन्हा गेले न्हाई. मिशनात मरिया झाले, सायमनशी लगीन केलं. त्याला हे कधी सांगू नकोस. खड्याचं. माझी आन हाय तुला."

मला राग आला. खरं सांगते, आधी राग आला आणि मग रडू. दीड वर्ष त्यांनी मला आपल्या पोराच्या गावी हेर म्हणून पाठवलं होतं, आणि मी मारे पगार घेऊन नोकरी करतेय असं समजत होते. पलीकडच्या खोलीत झोपलेल्या माझ्या नवऱ्याला एक थोरला भाऊ होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. "बावन्न-त्रेपन्न वर्षं!" मी म्हणाले. "नंतर तरी जायचं. मोठा झाल्यावर. पत्र टाकायचं. तीस किलोमीटर, आई, लंडन नव्हे!"

"कापड बाजारात एकदा गावचा मानूस समोर आला," त्या म्हणाल्या. "मला बघून धोतर सावरीत पळाला. मी कुठल्या तोंडानं जाऊ? तिकडं मेलेली आई हाय, रोज निवद खाती, लेकराची राखन करती. मी गेले तर काय ऱ्हाईल? पोर टाकून पळालेली बाई. मेलेली परवडली."

विषय बदलावा म्हणून मी म्हणाले, "तो तर म्हणाला, चारदा दिसली."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मी तीनदाच गेले. त्यानं मला पाहिलं ते एकदाच."

"गेल्या पोळ्याला ढिगावर बसली होती म्हणे. मान हलवत होती."

गेल्या पोळ्याला सासूबाई इथंच होत्या, माझ्यासमोर, पुरणपोळ्या लाटत. पंखा फिरत होता. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत तांदूळ निवडत बसलो. निवडून झालेलेच पुन्हा निवडत होतो.

शेवटी त्या म्हणाल्या, "एकदा ने मला. बोलनार न्हाई. नुसतं बघीन."

फिलिपला मी त्याच रात्री सांगितलं. तो भिंतीला टेकून बसला आणि एवढंच म्हणाला, "आईला काय हवं ते कर." काकासाहेबांचे तक्त्यासाठी रोज फोन येत होते. सगळे रकाने भरले होते, खिंडीपुढचा सातवा तेवढा कोरा. दोनदा पेन टेकवलं आणि उचललं. खोटं लिहायला हात धजत नव्हता, आणि खरं लिहिलं तर त्या माणसाजवळचं एकुलतं एक नाव जाणार होतं.

पुढच्या शनिवारी फिलिपच्या मित्राची रिक्षा केली. सासूबाईंना शाळेपर्यंत नेलं नाही, खिंडीअलीकडे लिंबाखाली बसवून ठेवलं आणि शाळा सुटल्यावर परत आले. त्या चार तास तशाच बसल्या होत्या. पाण्याची बाटली उघडलेली नव्हती. मी हात धरून त्यांना उठवलं. खिंडीकडे चालताना त्यांचा हात माझ्या हातात होता, तरी मला सारखं वाटत होतं की मी एकटीच चालते आहे. पहिल्या दिवशीची ती मोळीवाली म्हातारी समोरून आली. तिनं आमच्याकडे बघितलं, मोळी हळूच खाली ठेवली, कपाळाला हात लावला आणि तोंड न वळवता चार-पाच पावलं मागं सरकली. मग वळली आणि झपाझप निघून गेली.

हनुमंत ढिगाजवळच होता. मला बघून उठला. माझ्यासोबत डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी बाई बघून त्यानं आदरानं हात जोडले.

"पावण्या का?" तो म्हणाला. "आजी, रीत हाय हितली. खडा टाका, मंग पुढं जा."

त्यानं स्वतः एक खडा निवडला, बेताचा, म्हाताऱ्या हाताला पेलेल असा, आणि सासूबाईंच्या तळहातावर ठेवला. त्या त्याच्या बोटांकडे बघत होत्या. त्यांचा हात वर झाला, पण खडा काही सुटेना.

"नाव घ्यायचं," हनुमंत समजावत म्हणाला. "म्हना, कलाबाई, वाट दे."

मी सासूबाईंचं कोपर दाबलं. त्यांनी बोलणार नाही म्हणून कबूल केलं होतं.

"मी कुनाला वाट मागू?" सासूबाई म्हणाल्या. "मीच कलाबाई हाय."

वारा पडला होता, शेळ्या हलत नव्हत्या. हनुमंत एक पाऊल मागं गेला. त्याचा हात आपोआप ढिगाकडे गेला आणि त्यानं दगड उचलला. डोळे तिच्यावरून न हलवता. बावन्न वर्षांची सवय ती. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी नुसते डोळे मिटले.

मी मधे उभी राहिले. "हनुमंतराव! दगड टाका खाली. या माझ्या सासूबाई आहेत. यांना बीपीची गोळी लागते. यांचे गुडघे दुखतात. आज सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून माझ्याशी भांडल्यात. भुतं भांडतात का चहावरून?"

माझा आवाज चिरकला होता. दगड त्याच्या हातातच राहिला, पण हात खाली आला. तो माझ्या बाजूनं वाकून तिच्याकडे बघत होता.

"कावळा शिवला हुता," तो म्हणाला. "मी बघितला."

"भुका हुता त्यो," सासूबाई म्हणाल्या. "समदेच भुके हुते तवा. तू तर लई भुका हुतास. जाताना तुज्या उशाला अर्धी भाकर ठेवली हुती. डाव्या अंगाला. घावली का तुला?"

हे मला ठाऊक नव्हतं. भाकरीचं त्या मलाही बोलल्या नव्हत्या.

"घावली," तो म्हणाला. "मी कुनाला सांगितलं न्हाई."

दगड त्याच्या हातून पडला. तो दोन पावलं पुढं आला, तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ. भुवईवरच्या खुणेकडे त्यानं बोट केलं. "हे कशानं?"

"हापशावर पडले," सासूबाई म्हणाल्या.

मी दुसरीकडे बघितलं.

मला वाटलं, आता तो रडेल, पाया पडेल. तसं काही झालं नाही. त्याचा चेहरा कठीण होत गेला. तो पुन्हा मागं सरकला, ढिगाला पाठ लावून उभा राहिला आणि दोन्ही हात मागं दगडांवर टेकवले, कुणी ते दगड न्यायला आल्यासारखे.

"तुमी म्हनता ते खरं असंल," तो म्हणाला. 'तुमी' म्हणाला. "पर माझी आई मला सोडून कदी गेली न्हाई. माजं लगीन झालं तवा मी हितं आलो. पोरगी झाली, हितं आलो. आबा मेला त्या राती हितंच झोपलो, ह्या दगडांवर डोकं ठिवून. रोज येतो. तिला सांगितल्याबिगर मी कदी काय केलं न्हाई." त्याचा श्वास लागला होता. "तुमी जर नगरला हुता, तर मंग मी बावन्न वर्सं कुनाशी बोलत हुतो?"

मी त्या ढिगाकडे बघितलं, त्याच्या वरच्या सपाट दगडाकडे, आणि चटकन नजर काढली.

सासूबाई पुढं झाल्या. गुडघ्यांवर हात देत, कण्हत, त्या ढिगासमोर रस्त्याच्या धुळीत खाली बसल्या. पदर डोक्यावरून मागं पडला. पिकलेले केस, भुवईवरची खूण, सगळं उन्हात आलं.

"ते मला ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "पर मला काय बी ऐकू आलं न्हाई, हनुमंता. एक शबुद न्हाई. काय काय बोलत हुतास तिच्याशी? आता मला सांग."

एक शेळी येऊन त्याचा हात हुंगून गेली. मग त्याची पाठ दगडांवरून घसरत खाली आली आणि तो तिच्यासमोर धुळीत बसला. पिकल्या मिशांचा, नात असलेला माणूस. कुठून सुरुवात करावी ते बघत होता. मग त्यानं अगदी पहिल्यापासूनच सुरुवात केली.

"आई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज बारीक झाला. "आबानं मला आज लई मारलं."

"कुठं मारलं?" सासूबाई म्हणाल्या. "दाव."

हनुमंत सदऱ्याच्या गुंड्या सोडू लागला.